पेरुमाळचा डावा हात

अठ्ठेचाळीस साली आमची ट्रान्सपोर्ट कंपनी काश्मीरच्या डोंगरात होती. मी जीपचा ड्रायव्हर. गाव सातारा जिल्ह्यातलं, शिक्षण चौथी. माझा को-ड्रायव्हर लान्स नायक पेरुमाळ, मद्रासजवळच्या खेड्यातल्या लोहाराचा मुलगा. त्याला मराठी येत नव्हती, मला तमिळ येत नव्हतं. फौजी हिंदुस्तानीवर भागायचं.

सकाळी सहाला तेल-पाणी, टायर. सातला रेशन आणि दारूगोळा घेऊन वर. दुपारी जखमींना घेऊन खाली. नऊ मैल. वरचे तीन मैल नाल्यातले धोंडे, पुढे सॅपर्सनी, म्हणजे फौजेच्या रस्ते बांधणाऱ्या जवानांनी, दगड ठोकून केलेला कडक रस्ता.

जीपचं स्टिअरिंग डावीकडे. मधे गियर आणि त्याच्याजवळ छोटा लिव्हर. तो टाकला की पुढच्या चाकांनाही ताकद मिळते. धोंड्यांत तो पाहिजेच. कडक रस्त्यावर मात्र काढावाच लागतो. नाहीतर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात, वळणावर जोर साचतो आणि काहीतरी मोडतं.

तो लिव्हर मी कधी हातात धरत नसे. रस्ता अरुंद, एका बाजूला दरी, माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी "लगाव" म्हणायचो, पेरुमाळ डाव्या हाताने टाकायचा. "निकाल" म्हटलं की काढायचा. हे बुकात नव्हतं, आमच्या दोघांचं होतं. पुढे पुढे मी बोलायच्या आतच तो काढायचा. वर ऐकवायचा, "उस्ताद, तुम जीप चलाता है या बैल?"

ऑक्टोबरात एका सकाळी वरच्या पिकेटवर, म्हणजे चौकीवर, माल उतरवताना त्याच्या पोटात गोळी लागली. वायरलेसवरचा जवान बोलला, "एक स्ट्रेचर केस पाठवतोय. ओव्हर." खालून विचारलं, "कोण? ओव्हर." "जीपचा को-ड्रायव्हर. ओव्हर."

सुभेदारसाहेब मला म्हणाले, "माणूस देता येत नाही. एकटा जाशील?"

"जाईन साहेब."

स्ट्रेचर उजव्या बाजूला बांधलं, पाय बॉनेटवर. दहा वाजून पाच मिनिटांनी निघालो. धोंडे संपले, कडक रस्ता लागला. पेरुमाळ बोलत नव्हता. त्याचा डावा हात स्ट्रेचरवरून खाली आला आणि मधे चाचपायला लागला. मला वाटलं, वेदनेने करतोय. मी हात उचलून छातीवर ठेवला. "पडा रह." थोड्या वेळाने परत आला. परत ठेवला.

दहा चाळीसला वळणावर पुढच्या चाकातला जॉइंट फुटला आणि चाक अडकलं. मी खाली शिरलो. तिथे पाठीवर पडल्यावर कळलं की सकाळी चढताना टाकलेला लिव्हर अजून लागलेलाच होता आणि तो हात कशाला येत होता. चाक मोकळं करायला चाळीस मिनिटं गेली. अकरा वीसला पेरुमाळ गेला. ड्रेसिंग स्टेशन दीड मैलावर होतं.

साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, जॉइंट फुटला. त्यांनी तसंच लिहिलं.

बासष्टच्या लढाईआधीच मी हवालदार होऊन पेन्शनवर मद्रासला आलो. बायको कावेरी तंजावरकडच्या मराठी घरातली. तिचे वडील मद्रासमध्येच तिरुवल्लिकेणीत शिक्षक. आम्ही वेस्ट मांबलममध्ये मागे मोकळी जागा असलेलं घर घेतलं. चौसष्टला लष्कराच्या भंगारातून एक जीप मिळाली. बैलांनी ओढून आणली. खारं वारं लागून तळाचा पत्रा सडलेला, इंजिन जाम.

कावेरी बघून म्हणाली, "हें लोखंड जेवतें काय? मग तुम्हीं कां मरमर करितां?" तिची मराठी जुन्या पोथीतली. मी हसायचो, ती माझ्या साताऱ्याच्या बोलीला हसायची.

माझ्या मनात दोन गोष्टी होत्या. जीप नीट करून गल्लीतल्या आजारी माणसांसाठी मागे स्ट्रेचर बसवायचं. आणि पेरुमाळच्या घरी खरं काय झालं ते सांगायचं. पहिली गोष्ट सोपी होती.

त्याचा थोरला भाऊ मुरुगेशन अंबत्तूरला कारखान्यांचं लोहारकाम करायचा. मी शोधत गेलो. तोवर शिकलेल्या मोडक्या तमिळमध्ये म्हणालो, "अण्णा, तुमच्या भावाबरोबर मी होतो." त्याने मला बसवलं, कॉफी दिली. जीपच्या स्प्रिंगांचं विचारलं तर म्हणाला, "दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नको." आणि दर रविवारी गाडी बदलून यायला लागला.

सिलिंडरमध्ये रॉकेल आणि तेल ओतून आठ दिवस ठेवलं, मग पिस्टन हलले. सडलेला पत्रा कापून नवा बसवला. मुरुगेशनने स्प्रिंगांची पानं तापवून पाणी दिलं. मी चूक केली की म्हणायचा, "हवालदार, तू फौजेत गाडी चालवायचास की ढकलायचास?" भावासारखाच बोलायचा.

कावेरीला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "तो तुमच्या पंक्तीस जेवितो आणि त्यास ठाऊक नाहीं. हें बरें नव्हे. आणखी किती रविवार?"

मी छोट्या लिव्हरखाली एक स्विच बसवला, वायर ओढली आणि डॅशवर लाल दिवा लावला. लिव्हर टाकला की पेटतो, काढला की विझतो. मुरुगेशनने बघितलं.

"कुठल्या जीपला असतो हा दिवा?"

"कुठल्याच नाही."

"मग? लिव्हर लागलाय हे तुला कळत नाही? एवढी वर्षं चालवलीस."

"एकदा कळलं नाही, अण्णा."

मग सांगितलं. वेळेसकट. हाताचंही सांगितलं. त्याने हात धुतले, आपली सगळी हत्यारं पोत्यात बांधली आणि गेला.

तीन रविवार आला नाही. मी काम थांबवलं नाही. ब्रेक बसवले, कॅनव्हास शिवून घेतलं, स्ट्रेचरची फ्रेम ठोकली. कावेरी म्हणाली, "जाऊन येतां काय?" मी म्हणालो, "नाही. मी सांगायचं ते सांगितलं. पुढचं त्याचं."

आयुधपूजेचा दिवस आला. त्या दिवशी तिकडे कोणी हत्याराला कामासाठी हात लावत नाही. धुऊन, गंध लावून पुजतात, गाड्याही पुजतात. मी जीप धुतली. दहाच्या सुमाराला मुरुगेशन दारात. खांद्यावर पोतं, बरोबर म्हातारी आई. त्याने हातोडे, सांडशी, छिन्न्या जीपपुढे मांडल्या.

मी म्हणालो, "अण्णा, ही ती गाडी नाही."

"माहीत आहे. पूजेला चालते." मग डॅशकडे बघून म्हणाला, "दिवा फार खाली लावलायस. उद्या वर घेऊ."

म्हातारीला त्याने सांगितलेलं होतं. ती जीपला धरून उभी राहिली. मला विचारलं, "कुठला हात?"

"डावा, अम्मा."

"घरीसुद्धा तो हात गप्प नसायचा." मग म्हणाली, "दोनदा उचलून ठेवलास ना?"

"हो."

"म्हणजे कोणीतरी धरला होता."

कावेरीने तिला आत नेऊन पानावर बसवलं.

ती जीप अकरा वर्षं चालली. गल्लीतली बाळंतपणं, पडझड, ताप, सगळ्यांना नेलं. मुरुगेशन गेला, म्हातारी त्याच्या आधी. कावेरीलाही मागच्या स्ट्रेचरवर घालून मीच हॉस्पिटलला नेलं. सबंध रस्ताभर मागे हात करून तिचा हात धरला होता. एका हाताने गाडी चालवणं फौजेत गुन्हा आहे. येताना एकटा आलो.

माणसं विचारतात, लढाईत काय केलंत? मी लढाई केली नाही, गाडी चालवली. माझ्या कंपनीचा लान्स नायक पेरुमाळ, वय सव्वीस, अकरा वाजून वीस मिनिटांनी गेला. शेवटपर्यंत ड्यूटीवर होता. ड्रायव्हर मी होतो.