जरा बोट ठेवा

दोरीच्या दुकानात माणूस दोरी घ्यायला येतो आणि ती मापून होईपर्यंत काहीतरी सांगून जातो. दोरी जाते, सांगितलेलं दुकानातच राहतं. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या माझ्या दुकानात दोरी, ताडपत्री, टॉर्च असला माल. शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिकलो ते गादीवर बसून, गिऱ्हाइकांकडून. त्यातले निम्मे धडे एकट्या सुभेदार ठवकरांचे.

मूळचे भंडाऱ्याकडचे. फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत होते, रिटायर होऊन आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घर घेतलं. पहिल्याच दिवशी मी त्यांची ताडपत्री कचकचून बांधून दिली. त्यांनी गाठ निरखली.

"शेठ, ही सोडाले चाकू लागन."

"पक्की आहे, साहेब."

"चाकू लागला म्हणजे दोर गेला." माझी गाठ नखांनी उकलून त्यांनी आपली बांधली. बंडल उचलून झटकलं, ढिम्म हललं नाही. मग एक टोक ओढलं, सगळं मोकळं.

"गाठीनं वजन घेतलं पाहिजे, अन् आपण म्हटलं का सुटली पाहिजे."

तेव्हापासून माझ्या दुकानात तीच गाठ चालते.

*

रविवारी ते गळ घेऊन खारून नदीवर जायचे. सकाळपासून दुपारपर्यंत बसायचे आणि लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडायचे. एकदा मी सोबत गेलो. दोन तासांत मला मुंग्या आल्या, पायाला आणि डोक्यालाही.

"साहेब, न्यायचा नाही तर पकडायचा काहून?"

"पकडाले कोण येते? लोकायले वाटते फौजेत रोज गोळी चालते. अठ्ठावीस वर्षं मुख्य काम थांबायचंच होतं, शेठ. तेवढं मले चांगलं येते."

*

त्यांचा मुलगा प्रशांत जन्मला तेव्हा ते सीमेवर होते. सुट्टी मिळाली तोवर पोरगं बोलायला लागलं होतं. त्यांची बायको, आमच्या काकू, त्याला रोज भिंतीवरचा वर्दीतला फोटो दाखवायच्या, "हे तुझे बाबा." सुभेदार दारात आले, तर पोरगं एकदा फोटोकडे बघे, एकदा यांच्याकडे. शेवटी आईला म्हणालं, "हे बाबा नाही. बाबाले पाय नाही."

फोटो छातीपर्यंतचा होता.

सुभेदार हे सांगताना हसायचे. दुकानापुढच्या बाकावर दोघे रिटायर फौजी बसायचे, ते कधी हसले नाहीत.

*

बदल्या किती झाल्या ते त्यांनाही सांगता यायचं नाही. दर वेळी बिछान्याचा होल्डॉल बांधायचा. बंडल बांधताना पहिली अढी, म्हणजे गाठीचा पहिला पीळ, सैल पडते, म्हणून आम्ही दुकानदार समोरच्याला म्हणतो, जरा बोट ठेवा. सुभेदारांना कधी म्हणावं लागलं नाही. ते दोर ओढायचे, काकू अढीवर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "आता कुठं?" तोवर विचारायच्या नाहीत.

एकदा हे म्हणाले, "जवळच." निघाले आसामात. चार दिवस गाडीत काकू एक शब्द बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी उतरल्यावर म्हणाल्या, "आलं म्हणा जवळच."

*

मग काकूंचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग गल्ली, मग माणसं. सुभेदारांनी नदी सोडली. सकाळी काकूंना हाताला धरून दुकानापर्यंत आणायचे, बाकावर बसवायचे.

एकदा ते पाणी आणायला आत गेले, तेव्हा काकू माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "भैया, हे गृहस्थ मले रोज चहा करून देतात. भले दिसतात. घर कुठं यांचं?"

सुभेदार ग्लास घेऊन मागेच उभे होते. म्हणाले, "इथंच, पाऱ्यात."

*

प्रशांत आता मोठा साहेब. रायपूर राजधानी झाल्यावर नव्या रायपूरच्या एका कचेरीत लागला, तिथंच फ्लॅट घेतला. मराठी समजतं, बोलतो हिंदीत. बापाची दशा त्याला पाहवेना. दोनदा सुभेदार जिन्यात चक्कर येऊन पडले होते. त्यानं आईसाठी नर्स ठरवली.

"मम्मी हमारे पास रहेगी, बाबा. आप भी चलिए."

"मले त्या रुंद रस्त्यायवर करमत नाही. रविवारी येत जाईन."

मी नंतर एकट्याला गाठून विचारलं, "साहेब, काकूंशिवाय राहाल?"

त्यांनी गादीजवळचा सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळला, सोडला. मग म्हणाले, "तिले माझी ओळख असती तर गोष्ट वेगळी होती, शेठ. आता तिले मी काय अन् नर्स काय."

*

आमच्या गल्लीत मोटार शिरत नाही, म्हणून जायच्या दिवशी काकूंचं सामान माझ्या दुकानाशी आणलं. प्रशांत डिकी उघडून उभा. काकू बाकावर, नवं लुगडं नेसून, येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होत्या.

होल्डॉल तोच जुना. त्याचे पट्टे कधीच तुटले होते. सुभेदार म्हणाले, "शेठ, पाच मीटर द्या, सुती." मी दिली. ते फुटपाथवर गुडघ्यावर बसले, दोन फेरे घेतले, अढी मारली आणि ओढली. अढी सैल पडली. पुन्हा ओढली, पुन्हा सैल. मी गादीवरून उतरतच होतो.

काकू उठल्या. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. त्या समोर येऊन वाकल्या आणि अढीवर बोट ठेवलं, बरोबर मधोमध, दाबून.

"आता कुठं?"

सुभेदारांनी दोराची दोन्ही टोकं तशीच धरून ठेवली. प्रशांतनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मी त्याचा दंड धरला.

"ऑर्डर कॅन्सल झाली," सुभेदार म्हणाले.

काकूंनी बोट उचललं.

"सोडा न मंग. उगाच काहून बांधून राहिले?"