चिंचेतून वाचलेला पैसा

वरलक्ष्मीच्या पूजेसाठी आज समई चिंचेने घासली आणि त्या आंबट वासाने तिरुवल्लिकेणीचं आमचं जुनं घर आठवलं. तिथे एका वर्षी याच पूजेच्या कलशात घालायला म्हणून आत्याने बाबांच्या संग्रहातले तांब्याचे पैसे चिंचेने लखलखीत केले होते. जुन्या तांब्याचा तपकिरी रंग घालवायचा नसतो, नाण्याचं मोल त्यातच असतं. बाबांनी ते लखलखीत पैसे एकेक करून उलटून पाहिले.

"तो दुहेरी ठशाचा, सगळ्यात दुर्मिळ पैसाही घासलास?"

"आकडा दोनदा उठलाय तो? असलं बिघडलेलं नाणं देवीला कोण वाहतं, अण्णा? डब्यातच आहे ते."

बाबांनी भिंगातून ते पाहिलं आणि हसतच सुटले. तेव्हा मला वाटलं, आत्याला नाण्यांतलं काही कळत नाही. आता वाटतं, बाबांखेरीज तो ठसा ओळखणारी घरात तीच एकटी होती.