कासवपाठीमागचा चिखल

गुक बोक्दान एकदाच एका सरकारी माणसाला भुलली होती. तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. सोनेरी काड्यांचा चष्मा घातलेला तो गृहस्थ तिच्या ओट्यावर बसला, तिसऱ्या शिंपल्यांच्या रश्शातल्या शेवया दोन वाडगे खाऊन विचारत राहिला. तिसऱ्या कुठे दाट मिळतात, त्यांची पिल्लं कुठे वाढतात, कुठल्या ओहोटीला किती जणी जाता. आजवर बोक्दानला कोणी काही विचारलं नव्हतं. माहेरी नाही, सासरी तर नाहीच. ती फुलून गेली आणि सगळं सांगून बसली. "यातून तुम्हाला काही त्रास होणार नाही, अगदी शपथेवर," असं म्हणून तो गेला.

पुढच्या वर्षी खाडीच्या मुखाशी राष्ट्रीय उद्यानाच्या पाट्या लागल्या. खाडीत जायला बंदी. गाल्मोरी गावातल्या अकरा घरांचं खणणं त्या दिवशी संपलं. रस्सा कोणाच्या ओट्यावर प्यायला गेला हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. सासूबाई त्यानंतर सहा वर्षं जगल्या, पण बोक्दानशी काही बोलायचं असलं की त्या कुत्र्याकडे बघून बोलायच्या.

त्यामुळे बावीस वर्षांनी मो हारिम नावाची मुलगी पाठीवर पिशवी आणि हातात तारेची चौकट घेऊन गावात उतरली, तेव्हा बोक्दानने पहिल्याच दिवशी अंगणाच्या फाटकाला कडी घातली.

हारिम विद्यापीठातून आली होती. उद्यानात किती माणसं येतात, कुठे फिरतात, त्यांच्या पायाखाली किनाऱ्याचं काय होतं, याचा अभ्यास. समाजमंदिरामागच्या खोलीत ती वर्षभर राहणार होती. आठवड्याभरात तिने पाइनच्या बनातल्या पायवाटेवर एका खांबाला राखाडी डबी ठोकली. बोक्दान बादली घेऊन तिच्यासमोर उभी राहिली.

"हे काय मोजतं?"

"माणसं, काकू. चेहरा दिसत नाही. कोणीतरी गेलं एवढंच कळतं."

"पहाटे पाचला इथून कोण जातं हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चेहरा कशाला हवा?"

हारिम डबी उगाचच पुन्हा पुसू लागली. बोक्दानने ते मनात नोंदवून ठेवलं.

मग ती मुलगी ओहोटीला चिखलात दिसू लागली. चौकट टाकायची, आतला चिखल खणायचा, चाळायचा, तिसऱ्या मोजायच्या, परत टाकायच्या. बोक्दान लांबून तिरक्या नजरेने बघे. गावापुढच्या चिखलात खण, बाई, हवी तितकी खण. तिथे गावाने तिसऱ्यांचं बी टाकलेलं आहे, ते सगळ्यांना माहीत आहे. पण कासवपाठ नावाच्या खडकामागे जो चिखल होता तो वेगळा. खाडी बंद झाल्यापासून गावातल्या बायकांची चूल त्याच्यावर पेटत होती. ती मुलगी तिथेही तीनदा जाऊन आली होती.

जूनमध्ये हारिम कालवं सोलण्याच्या खोपट्यात आली. सोबत भेट म्हणून नासपतींची पेटी. बोक्दानने पेटीकडे बघितलं नाही, बस म्हणाली नाही, हातातलं कालव सोलत राहिली.

"काकू, कासवपाठीमागे काय मिळतं?"

"चिखल."

"आणि तिसऱ्या?"

"सासूच्या काळी होत्या."

"पण चिखलात नेणाऱ्या ट्रॅक्टरवरून उतरून तुम्ही तिकडे चालत जाताना दिसता."

"गुडघ्यांना व्यायाम हवा, डॉक्टर म्हणाला."

शेजारी बसलेल्या सामऱ्येने हसू दाबण्यासाठी खोकून घेतलं. त्याच दुपारी बोक्दान घराघरांतून फिरली. मुलगी विचारेल तर काय सांगायचं? तिथे काही उरलेलं नाही. सासूच्या काळी होतं. बस्स. महिन्याभरात सतरा बायकांनी हारिमला हेच सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा गाव बोक्दानच्या बाजूने उभं होतं. त्या उन्हाळ्यात ती जरा ताठ चालू लागली.

ऑक्टोबरच्या शेवटी गावप्रमुखाने भोंग्यावरून सगळ्यांना समाजमंदिरात बोलावलं. हारिमने भिंतीवर नकाशा दाखवला. सुट्टीच्या दिवशी आठशे माणसं येतात, म्हणाली. शहरातून गाड्या भरभरून. बिळात मीठ टाकतात, लांबट शिंपला वर आला की ओढतात, हाताला लागेल ते खणतात, गावाने टाकलेलं बी पायाखाली जातं. त्यांना थांबवणं शक्य नाही, मग त्यांना खणायला वेगळी जागा द्यावी. असं म्हणून तिने नकाशावरच्या पिवळ्या तुकड्यावर बोट ठेवलं.

पिवळा तुकडा कासवपाठीमागे होता.

"तिथे आता फारसं काही नाही, असं गावातल्या सतरा जणींनी सांगितलं," हारिम म्हणाली. "म्हणजे नुकसान सगळ्यात कमी तिथेच होईल. हा कच्चा नकाशा आहे. कोणाला काही बोलायचं असेल तर बोला."

बाकी सोळा जणींच्या माना वळल्या आणि बोक्दानवर येऊन थांबल्या. तिने गुडघ्यावर हात ठेवून जमिनीवरच्या चटईकडे बघितलं.

घरी येऊन तिने जेवण केलं नाही. मुलगी तिथे तीनदा खणून आली आहे. तिला तिसऱ्या मिळाल्याच असणार. तरी पिवळा रंग दिला. म्हणजे एक तर ती आंधळी, नाही तर पक्की बेरकी. आंधळी ती दिसत नव्हती.

सकाळी तिने हारिमचं दार वाजवलं.

"कासवपाठीमागे चौकट टाकली होतीस. काय मिळालं?"

हारिमने वही उघडली. "नऊ वेळा टाकली. सातदा काहीच नाही. दोनदा बारीक पिल्लं."

"कुठे टाकलीस?"

हारिमने दाखवलं. खडकालगतच्या टणक कडेवर. पुढे का नाही गेलीस विचारल्यावर तिने मांडीवर हात आडवा धरला. "इथपर्यंत रुतले होते. अर्धा तास अडकले. म्हणून मग तुम्हाला विचारलं."

"आणि आम्ही सांगितलं ते लिहिलंस."

"सतरा जणींनी सांगितलं. 'सासूच्या काळी होत्या.' सगळ्यांचे शब्दसुद्धा तेच. सामऱ्येकाकूंच्या नवऱ्याला आईच नव्हती, काकू. तो मामाकडे वाढला."

बोक्दान मनात चरफडली. सामऱ्येला एवढीही अक्कल नसावी.

"मग तुला कळलं होतं."

"संशय आला होता. खात्री नव्हती. पिवळा रंग दिला तर कोणीतरी बोलेल असं वाटलं."

"बिळात मीठ टाकलंस."

हारिमचे कान लाल झाले. "हो," ती म्हणाली. "माफ करा."

ही मुलगी बेरकी आहे हे आता नक्की झालं. पण आपण बेरकी आहोत हे कबूल करणारी बेरकी माणसं बोक्दानने फारशी पाहिली नव्हती. तिने शेवटचा प्रश्न विचारला.

"खरं सांगितलं तर तिथे पाट्या लागतील?"

"मी लिहून देईन. ठरवणारे वेगळे आहेत. गावाला खणू द्यावं असंच लिहीन, पण पाट्या लागणारच नाहीत असं मी सांगू शकत नाही."

सोनेरी चष्म्याने शपथ घेतली होती. हिने घेतली नाही. बोक्दान घरी गेली आणि दिवसभर कोबी चिरत त्यावर विचार करत राहिली.

तिसऱ्या दिवशी उधाणाची मोठी ओहोटी होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायका चढल्या तेव्हा हारिमला हाताला धरून बोक्दानने वर ओढलं आणि सगळ्यांना म्हणाली, "मी सांगितलं म्हणून तुम्ही खोटं बोललात. आता हिला नाही दाखवलं तर शहरातले आठशे जण येऊन खणतील. पण मी एकटी दाखवणार नाही. सगळ्या मिळून दाखवायचं. उद्या पाटी लागली तर सतरा जणींच्या नावाने लागेल."

ट्रॅक्टर निघाला.

"मग गावाला सतरा कुत्री पाळावी लागतील, ताई," सामऱ्ये म्हणाली. मागून कोणीतरी हसलं, आणि मग बऱ्याच जणी हसल्या.

कासवपाठीमागे बोक्दानने हारिमला चालायला शिकवलं. टाच रोवायची नाही, एका जागी दोन श्वासांहून जास्त उभं राहायचं नाही, पाय वाकडा करून बाहेर काढायचा. तरी ती दोनदा बसली. बायकांनी तिला काखेत हात घालून काढलं आणि तिच्या मागच्या बाजूविषयी जे बोलल्या ते तिने वहीत लिहिलं नाही. आत, मऊ चिखलात, चौकट पडली. एक्केचाळीस तिसऱ्या. पुढची, छपन्न. हारिमने चाळण खाली ठेवली आणि काही क्षण नुसती बघत राहिली.

चिखलातल्या शेवटच्या ओहोळापलीकडे मात्र बोक्दानने तिला नेलं नाही. तिथल्या तिसऱ्या मुठीएवढ्या असत. "तिकडे खोल आहे, बुडशील," ती म्हणाली. सामऱ्येने ते ऐकलं आणि खुरपं चालवत राहिली.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये नवा नकाशा आला. पिवळा तुकडा पुढच्या पुळणीच्या रेताड टोकाला सरकला होता. दिवसाला ठरावीक माणसं, आणि मीठ टाकायला बंदी. कासवपाठीमागे फक्त गावाने खणायचं, नेमलेल्या दिवशी, आणि लहान तिसऱ्या परत टाकायच्या. पाटी लागली, पण तिच्यावर गावाचं नाव होतं. लहान तिसऱ्यांच्या नियमावर बोक्दान महिनाभर कुरकुरली. नखाएवढ्या तिसऱ्या परत टाकायला आता विद्यापीठ शिकवणार होतं का?

हारिम जायच्या आदल्या दिवशी अहवालाची जाड प्रत घेऊन निरोप घ्यायला आली. बोक्दानने फाटक उघडलं, तिला ओट्यावर बसवलं, सातूचा चहा दिला. मग म्हणाली, "गाल्मोरीबद्दल जे जे लिहिलं आहेस ते वाचून दाखव. गाळू नकोस."

"साठ पानं आहेत, काकू. आणि तुमची ओहोटी दहाला आहे."

"वाच."

हारिम वाचत गेली. बोक्दान वाटाणे सोलत ऐकत होती. मध्येच थांबवायची, हे कोणी सांगितलं, हा आकडा कुठला, हे वाक्य पुन्हा वाच. बाहेर ट्रॅक्टर दोनदा भोंगा वाजवून निघून गेला. ती उठली नाही.