कुसुमताईंची जोडवी

कुणी नवा दागिना दाखवला की कुसुमताई तो आधी खिडकीच्या उजेडात धरत आणि जोड शोधत. घालणारीचं कौतुक त्यानंतर, तेही जोड पसंत पडला तर.

काशीत पंचगंगा घाटावरच्या आमच्या गल्लीत त्या अगदी समोर राहत. त्यांचे यजमान घाटावर पूजा सांगायचे. घरी चांदीचे दागिने करायचं खूळ मात्र माझं. गॅसची छोटी बत्ती, वीट, चिमटे, सुहागा म्हणजे टाकणखार, जोड सांधायला वितळवायचा चांदीचा टाका, सगळं ठठेरी बाजारातून मी आणलं, मोबाइलवर बघून मी शिकले. एकटीला कंटाळा येतो म्हणून त्यांना बोलावलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. दोन महिन्यांत त्यांचे जोड दिसेनासे झाले. माझ्या कड्यांवर गाठी तशाच.

"तू टाक्यालाच आग देतेस," त्या म्हणायच्या. "चांदीला चारी बाजूंनी गरम कर. ती गरम झाली की टाका आपणहून दौडत येतो. आणि फट ठेवलीस तर तो ती भरणार नाही, कितीही घाल." खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबायचं. त्यांची नजर चुकवून मी त्यांची कडी नखाने तपासायचे. काही सापडायचं नाही.

अंगाचा तिळपापड झाला तो माझ्या मुलीच्या, मीराच्या लग्नाच्या वेळी. जोडवी मी करणार हे मी धरूनच चालले होते. मीरा सहज म्हणाली, "आई, रहने दे ना. जोडवी कुसुममावशी करतील, तुझी टोचतात." मी दोन दिवस समोर फिरकले नाही.

लग्नाला आठ दिवस असताना त्या स्वतःच आल्या. रुमालात चार जोडवी, वळवून घासून तयार, टोकं अशी भिडलेली की मधून केसही जाऊ नये. फक्त टाका राहिला होता. त्यांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता.

"महिन्यापासून असंच चाललंय. वळवणं-घासणं कसंबसं जमतं, आगीपुढे चिमटा धरवत नाही. टाका तू दे. आणि मीराला सांगू नकोस, मोठ्या भरोशाने मागितलीत तिने."

मी दिला. त्या शेजारी बसून "अजून, अजून... आता आग हटव" म्हणत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा माझा जोड दिसेनासा झाला. लग्नात बायका मीराच्या पायांशी वाकून कुसुमताईंच्या हाताची तारीफ करत होत्या, आणि मी पंगतीत जिलबी वाढत कसंनुसं हसत होते. कुसुमताईंनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

यंदा माघात त्या गेल्या. मीरा आली, पायातल्या जोडव्यांवरून बोट फिरवत रडत म्हणाली, "आई, असा जोड आता कोण देणार?"

आता सांगायला हरकत नव्हती. शब्द ओठांवर आले होते. मी म्हणाले, "कुणी नाही गं." आणि बसल्या जागी मला पुन्हा त्यांचा हेवा वाटला. त्यांच्यासाठी मी गप्प राहिले. माझ्यासाठी असं कुणी राहील, असं मला वाटत नाही.