श्वास सोडा, मग माप घेतो

फॉर्मताईला राग लवकर येतो, हे तिच्या ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पंचेचाळिशीची, अंगानं काडी, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीच्या बंदाला दोऱ्यानं बांधलेलं पेन, कारण लोक पेन मागून घेतात आणि आपलंच समजून खिशात घालतात. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसांच्या घरी जायचं, कोणाला कसली मदत लागते ते विचारायचं आणि लिहून आणायचं, हे तिचं काम. कोणाला आंघोळीला आधार हवा असतो, कोणाला गोळ्या आणून द्यायला माणूस हवा असतो, कोणाला नुसतं चार शब्द बोलायला कोणी नसतं. जिथे जाईल तिथे फॉर्म काढते म्हणून फॉर्मताई.

तिला स्वतःलाही हाच आजार आहे, चौदा वर्षं झाली. नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी आधी तिचं ताट वेगळं केलं, मग कपबशी, मग अंथरूण, आणि शेवटी सरळ तिलाच. ऑफिसनं तिला कामावर घेतलं ते याच कारणासाठी. "तुम्ही त्यांच्यातल्याच आहात, तुम्हाला लोक खरं सांगतील," असं तेव्हाचे साहेब म्हणाले होते. डोंबल सांगतात! ज्या माणसाकडे वर्षानुवर्षं घाण म्हणून पाहिलं गेलंय, तो फॉर्मवाली येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी घर घासूनपुसून लख्ख करतो. ठेवणीतले कपडे घालतो, कण्हणं गिळतो आणि दारात हसत उभा राहतो. विचारा काही, उत्तर एकच. ठीक आहे.

त्यामुळे फॉर्मताई ऐकण्यापेक्षा बघते जास्त. मोरीतला साबण कोरडा आहे का, कितव्या फळीपासून वर धूळ सुरू होते, गोळ्यांची पाकिटं दातांनी फाडलीत की बोटांनी. पूर्वीच्या कागदी फॉर्मवर शेवटी 'इतर' म्हणून मोठी मोकळी जागा असायची. ती जागा भरून, कागद उलटून, मागच्या कोऱ्या बाजूलाही ती लिहायची. मग नवे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर टॅबलेट आला. त्यात तीस प्रश्न. होय किंवा नाही. 'इतर' गायब. शेवटी यंत्रच ठरवतं, हिरवी खूण आली की माणूस स्वावलंबी आणि मदत बंद.

"ताई, याच्यात भावनांना जागा नाही," साहेब कौतुकानं म्हणाले होते.

"ते दिसतंच आहे," ताई म्हणाली होती.

तिच्या यादीत एक शिंपीमामा होते. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीशी झाकून ठेवलेली शिलाई मशीन, भिंतीला खिळ्यावर टेप. वय सदुसष्ट. वीस वर्षांपूर्वीच्या गोळ्यांनी त्यांचा जीव वाचवला, पण त्या गोळ्यांनी आणि आजारानं मिळून पायांच्या आणि बोटांच्या नसा खाल्ल्या. पाय जमिनीवर टेकलाय की नाही, हे त्यांना खाली बघून कळतं. सुई बोटात आहे की पडली, हेही तसंच. ज्या दिवशी कळेना, त्या दिवशी त्यांनी मशीनवर चादर टाकली.

पण शिंपी मोठा कडक. पँटचं माप देताना गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं की मामा टेप खांद्यावर टाकून थांबायचे. "श्वास सोडा, मग माप घेतो. मला कपडा तुम्हाला शिवायचाय, तुमच्या दमाला नाही." अर्ध्या बोटाचंही खोटं माप त्यांनी कधी वहीत लिहिलं नाही. रागावून गेलेली गिऱ्हाइकं पुढच्या महिन्यात परत यायची, कारण मामांच्या पँटमध्ये बसता यायचं.

त्यांच्याकडे रोज आठ ते दहा एक मावशी यायची, ऑफिसनं नेमलेली. पाणी हातानं बघून आंघोळ घालायची, दोन वेळचं रांधून ठेवायची, गोळ्या वारांच्या डबीत भरायची. मामांचं सगळं घर त्या दोन तासांवर उभं होतं.

नव्या टॅबलेटचा पहिला फेरा निघाला तेव्हा साहेब म्हणाले, मीही येतो. अकराला दोघं पोहोचले. ताई जिन्यात दोनदा थांबली. तिची कंबर हल्ली जिना चढू देत नाही, पण कोणी विचारलं की ती फोन बघत होते म्हणते. बेल वाजवताच दार उघडलं. मामा समोर उभे. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं.

"या, या. चहा घेणार ना?" आणि त्यांनी टेबलावरच्या थर्मासमधून तीन कप भरलेसुद्धा. दोन्ही हातांनी थर्मास धरून, जिभेचं टोक दातात पकडून. साहेबांना ते दिसलं नाही, ते टॅबलेटमध्ये होते.

दार स्वतः उघडतात? होय. चहापाणी बघतात? होय. कपडे स्वतः घालतात? "घालतो की," मामा म्हणाले. ताई मध्ये बोलायला गेली तर साहेबांनी हात वर केला. "त्यांना बोलू द्या, ताई. शिवाय रिपोर्ट बघा, रक्तात विषाणू सापडतसुद्धा नाही. आणखी काय हवं?"

हिरवी खूण आली. मावशीनं करून ठेवलेला चहा पिऊन, मावशीनं लावलेली बटणं बघून, या घराला मावशीची गरज नाही असं ठरलं! तीन मजले उतरेपर्यंत ताई साहेबांना हेच सांगत होती, आणि साहेब म्हणत होते, यंत्र पक्षपात करत नाही. खाली आल्यावर तिनं मामांवरही राग काढला, मनातल्या मनात. एवढं हसायला कोणी सांगितलं होतं?

मावशी बंद झाली. अकराव्या दिवशी मामांनी स्वतः पाणी तापवून पायांवर घेतलं. पाणी किती कढत होतं, हे पायांनी सांगितलंच नाही. मोजे घातले, दिवसभर तसेच बसले, आणि संध्याकाळी मोजा काढला तर मोज्याबरोबर कातडीही आली. शेजाऱ्यांनी ताईला फोन केला. दवाखान्यात मामा तिला म्हणाले, "दुखत नाहीये गं, कशाला धावत आलीस?" त्या 'दुखत नाहीये'नं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुखलं असतं तर भाजलं नसतं ना!

तिनं अर्ज केला. उत्तर आलं, पुढची तपासणी सहा महिन्यांनी. तिनं दुसरा अर्ज केला, तिसरा केला, साहेबांच्या दारात खुर्ची टाकून बसली. शेवटी तिची ब्याद टळावी म्हणून समिती बसवली. लांब टेबल, पलीकडे साहेब, एक डॉक्टरबाई आणि कागदांतून मान वर न काढणारे एक गृहस्थ. ताईला ताकीद होती, मध्ये बोलायचं नाही. आदल्या दिवशी तिनं मामांना हात जोडून सांगितलं होतं, उद्या तरी खरं बोला.

मामा आले ते पुन्हा दाढी करून. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. इस्त्रीचा शर्ट, बँडेजवर चढवलेला बूट.

"चालता येतं का?" साहेबांनी विचारलं.

"येतं की. आलो ना इथवर."

"आंघोळ, जेवण, गोळ्या?"

"चाललंय. ठीक आहे."

साहेबांनी ताईकडे असं पाहिलं की बघा, आम्ही म्हणत नव्हतो? ती उठली. ताकीद गेली खड्ड्यात.

"मामा, गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं तर तुम्ही काय म्हणायचात?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं. "श्वास सोडा म्हणायचो."

"मग सोडा. मी मापं विचारते, तुम्ही सांगा. आज बटणं लावायला किती वेळ लागला?"

थोडा, असं त्यांना म्हणता आलं असतं. पण माप विचारलं होतं.

"पन्नास मिनिटं," मामा म्हणाले. "सात बटणं. त्यातलं गळ्याचं राहिलंच."

सगळ्यांनी गळ्याकडे पाहिलं. राहिलं होतं.

"पलंगापासून दार?"

"सहा पावलं. वीस मिनिटं, भिंत धरून. मध्ये एकदा बसावं लागतं."

"साहेब घरी आले होते तेव्हा तर लगेच उघडलंत."

"साडेदहापासून दाराशीच उभा होतो. बसलो असतो तर बेल वाजल्यावर उठता आलं नसतं."

"आंघोळ?"

मामांनी मान खाली घातली. आवाज इतका खाली गेला की डॉक्टरबाई पुढे झुकल्या. "सतरा दिवस झाले. पाण्याची भीती वाटते."

कागदांतल्या गृहस्थांनी पहिल्यांदा मान वर केली. डॉक्टरबाई साहेबांकडे वळून म्हणाल्या, "यात हे विचारायचा प्रश्न कितवा आहे?" साहेब टॅबलेटवर बोट वरखाली करत राहिले. तो प्रश्न त्यात नव्हताच.

मावशी परत मिळाली, पूर्ण दोन तास. ताईला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण परतीच्या बसमध्ये मामा खिडकीबाहेर बघत बसले. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर चढवल्यावर एवढंच म्हणाले, "चारचौघांत उघडं केलंस मला." आणि दार लावून घेतलं. ती जिन्यात बसून रडली, आणि रडता रडता चिडली. मदत हवी असेल तर आधी चारचौघांत अब्रू काढून ठेवा, ही कुठली मदत? साहेबांना विचारा ना कोणी, तुम्हाला बटणं लावायला किती वेळ लागतो!

सहा महिन्यांनी मामांची तपासणी पुन्हा तिच्याच यादीत आली. जाऊ की नको करत ती गेली. जिन्यात तीनदा थांबली. बेल वाजवली.

"दार उघडंच आहे," आतून आवाज आला. "ये."

मामा पलंगावर उशीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, बनियनवर शर्ट नुसताच अडकवलेला, भाजल्याचा व्रण असलेला पाय स्टुलावर. आत मावशीची भांडी वाजत होती.

"आज नाही उठत मी," ते म्हणाले. "तू आलीस म्हणून उठायचं, हे बंद. काढ तुझा तो टॅबलेट."

तिनं काढला. उभं राहता येतं का, हा चौथा प्रश्न. 'नाही'वर बोट टेकताना तिला धड दिसेना. एवढ्यासाठी या माणसाला टेबलापुढे बसवावं लागलं होतं, याचा राग तिला पुन्हा नव्यानं आला.

"जिन्यात कितीदा थांबलीस?" मामांनी विचारलं.

"फोन बघत होते."

"माप विचारलंय मी."

"तीनदा," ताई म्हणाली.

"आणि तुझा फॉर्म कोण भरतं गं?"

"येते एक दुसरी ताई. वर्षातून एकदा."

"तिला काय सांगतेस?"

तिला तिचं घर आठवलं. आदल्या दिवशी पुसलेली फरशी, धुतलेले पडदे, गादीखाली सरकवलेला कमरेचा पट्टा. "ठीक आहे म्हणते," ती म्हणाली.

मामांनी तिच्याकडे नखशिखांत पाहिलं, कापडावर खडू लावण्याआधी पाहायचे तसं.

"कधी यायचीय ती?"

"मंगळवारी."

"सोमवारी घर झाडू नकोस," मामा म्हणाले.