डाव्या पायातला वाळा

आर्णीकडून आमच्या गावाला यायचं तर मध्ये एक छोटी खिंड लागते. खिंडीच्या पायथ्याशी फाटा, आणि फाट्यावर माझ्या मोठ्या जाऊबाईंची, म्हणजे हंसाबाईंची चहाची टपरी. वर खिंडीत मोहाचं जुनं झाड आहे. त्याच्या बुडाशी शेंदूर लावलेला दगड, ती आमची चिंधीमाय. तिला नारळ लागत नाही, साडीचोळी लागत नाही. वाटेने जाणाऱ्याने आपल्या अंगावरच्या कपड्याची एक चिंधी फाडायची, फांदीला बांधायची आणि पुढे निघायचं. प्रवास सुखाचा होतो. बांधलेली चिंधी देवीची झाली, ती कोणी सोडत नाही, आणि तिथलं काही उचलत नाही. हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही. आईच्या कडेवर असतानाच कळलेलं असतं.

हंसाबाईंच्या टपरीवर कसा चहा पाहिजे हे सांगायची सोय नव्हती. त्या माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आणि ठरवायच्या. उन्हातून सायकल हाणत आलेल्याला गोड, बसमधून उतरलेल्याला अद्रकाचा, आणि भांडून आलेल्याला आधी नुसतं पाणी. कुठले, कुठे चालले, घरी कोण कोण, एवढं विचारल्याशिवाय कप हातात द्यायच्या नाहीत. आमचे भासरे, म्हणजे त्यांचे मालक बापूजी, म्हणायचे, "चहा कमी अन् चौकशी जास्त."

ती वर्षं कापसाला वाईट होती. एका सालात बोंडअळी, दुसऱ्यात भाव नाही, तिसऱ्यात पाऊसच नाही. हंसाबाईंच्या अंगावरची चांदी एकेक करून बियाण्यात गेली. राहिली ती एक वाळ्यांची जोडी, त्यांच्या आईने नातीच्या, म्हणजे हंसाबाईंच्या लेकीच्या, दीपालीच्या बारशाला घातलेली. त्या दिवसांत गाड्या करकरून परके लोक यायचे, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, तुमच्या गावात कर्जापायी कोण गेलं. हंसाबाई म्हणायच्या, जे हायेत त्यांच्याशी बी बोला जी थोडं. मग चहा द्यायच्या. नाराज कोणावर नव्हत्या, पण तो प्रश्न आला की स्टोव्ह उगाचच पंप करत बसायच्या.

अशातच दुसऱ्या तऱ्हेचे परके यायला लागले. एखादा, दुसरा, महिना-दोन महिन्यांतून. हातात मोबाइलपेक्षा जाड असं एक यंत्र. ते यंत्राकडे बघायचे, मग आभाळाकडे, मग पायाखाली, आणि तसेच चालत खिंडीत चढायचे. मेलेल्यांचं विचारायचे नाहीत. परत येताना चेहरा असा, की जत्रेतून आलेत. हंसाबाईंना ही माणसं फार आवडली.

एक दिवस त्या स्वतः वर जाऊन पाहून आल्या. मोहाच्या ढोलीत हिरवा, घट्ट झाकणाचा डबा होता. आत किल्लीचा छल्ला, काचेच्या गोट्या, परदेशातलं एक नाणं, पेन, आलेल्यांनी नाव लिहायची लहानशी वही. त्यांनी आपल्या बुद्धीने अर्थ लावला आणि मला येऊन सांगितला. शहरातले लोक कपडे फाडायला लाजतात, म्हणून चिंधीऐवजी वस्तू वाहून जातात. मलाही ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काय होतं?

तेव्हापासून डबा गावाचाच झाला. हंसाबाई तो पुसून ठेवायच्या, पावसाळ्यात खताच्या पिशवीत गुंडाळायच्या. बायका जाता येता त्यात बांगडी टाकायच्या, कोणी हळकुंड.

त्या वर्षी दीपाली माहेरी आली ती तिसऱ्या बाळंतपणाला. आधीची दोन्ही लेकरं पोटातच गेली होती. तिच्या सासूने वाईट शब्द काढला नव्हता, पण या वेळी पोचवायला स्वतः आली नाही, एवढ्यावरून काय ते समजायचं. हंसाबाईंनी वाळ्यांची जोडी काढली. डाव्या पायातला वाळा ढोलीतल्या डब्यात ठेवला आणि नवस बोलल्या, डावा तुझ्यापाशी, उजवा लेकराच्या पायात. नवस पुरा होईपर्यंत लेकराचं जावळ काढायचं नाही, पायात काही घालायचं नाही.

आठवड्याभरात वाळा डब्यातून गेला.

त्याच्या जागी पितळी डबीतलं एक होकायंत्र होतं, चांगलं, नवंकोरं. हंसाबाईंनी ते आणून माझ्यापुढे ठेवलं आणि टपरी बंद करून भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. दीपालीला काही सांगू नको, एवढंच म्हणाल्या. चोराने चोरी करून वर काही ठेवून का जावं, हे मला कळेना. त्यांच्या डोक्यात दुसरंच होतं. देवीने नवस परत केला, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

मी अंगणवाडी सेविका होते. पाणलोटाच्या कामावर राजदीप नावाचा पुसदचा एक इंजिनिअर आमच्याकडे यायचा, बंधारे मोजायला. त्याच्या हातात तसलंच यंत्र मी पाहिलं होतं. त्याला विचारलं आणि त्याचा चेहरा उतरला. डबा त्यानेच ठेवला होता.

तो टपरीवर येऊन जमिनीवर बसला, बाकावर नाही. सांगायला लागला. हा एक खेळ आहे, जगभर चालतो. कोणीतरी डबा लपवायचा, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे, आणि बाकीच्यांनी यंत्रावरून शोधायचा. सापडला की वहीत नाव लिहायचं. आतली वस्तू घ्यायची असेल तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. डबा होता तसा लावायचा, खायचं काही ठेवायचं नाही, झाडाला खिळा मारायचा नाही. काही वस्तू तर एका डब्यातून दुसऱ्या डब्यात फिरायलाच ठेवलेल्या असतात. नागपूरच्या एका प्राध्यापक बाईंनी वाळा बघितला, त्यांना वाटलं ही फिरतीची वस्तू. म्हणून मोलाचं होकायंत्र ठेवून त्यांनी तो पचमढीच्या डब्यात नेऊन सोडला. कोणी काय घेतलं ते लिहायचं असतं, तसं त्यांनी लिहिलंही होतं. त्यांच्या हिशेबाने त्यांनी सगळं रीतीनेच केलं होतं.

"मावशी, चूक माझी आहे," राजदीप म्हणाला. "देवाच्या जागी ठेवू नये, तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय ठेवू नये, हा पहिला नियम. मला ते झाड नुसतं खुणेला चांगलं वाटलं. अन् विचारायला कोणी दिसलं नाही."

"मी तं खालीच बसली होती, पोरा."

हंसाबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि गोड चहा ठेवला.

मग सुरू झालं वाट बघणं. राजदीप आर्णीला नेटच्या दुकानात जाऊन बसायचा आणि बातमी आणायचा. वाळा पचमढीत नव्हता, कोणीतरी पुढे नेला होता. मग कळलं, ऋषिकेशजवळच्या एका डब्यात आहे. माहूरच्या पलीकडे हंसाबाई कधी गेल्या नव्हत्या. गंगेवर गेला म्हणता? असं दोनदा विचारून त्यांनी हात जोडले. होकायंत्राची सुई उत्तरेला थांबते हे राजदीपने दाखवल्यापासून ती डबी टपरीच्या फळीवर उघडी असायची. गिऱ्हाईक नसलं की त्या सुईकडे बघत बसायच्या. मी गेले की म्हणायच्या, "तिकडं हाये पाह्य. सुई हालत नाई."

राजदीपने इंटरनेटवर सगळी हकीकत लिहिली, चिंधीमायची रीतही लिहिली. ज्याला वाळा सापडेल त्याने तो यवतमाळच्या दिशेने पुढच्या माणसाकडे द्यावा, अशी विनंती केली. डबा त्याने काढून नेला. आतल्या बांगड्या, हळकुंडं हंसाबाईंच्या हाताने दगडापाशी ठेवून घेतली.

वेचणी ऐन भरात असताना दीपालीला कळा सुरू झाल्या. बापूजींनी जीप आणली. सगळे गाडीत बसले आणि हंसाबाई दिसेनात. मी खिंडीत धावले. त्या दगडासमोर उभ्या होत्या. पदराची चिंधी फाडून फांदीला बांधत होत्या, आणि घाईत गाठ बसत नव्हती. मी गाठ मारून दिली.

"माये," त्या देवीला म्हणाल्या, "वाळा वाटेवर हाये. तू वाटेवरच्यांचीच नं? मंग त्याले बी सांभाळ, अन् हिले बी."

जीपमध्ये त्यांनी दीपालीचं डोकं मांडीवर घेतलं. मी मनात नामस्मरण करत राहिले, दुसरं काय येतं आपल्याला. दवाखान्याच्या व्हरांड्यात बापूजी एकदा म्हणाले, चहा घेते का, आणि हंसाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा चहाला नाही म्हटलं. दुपार कलल्यावर आतून रडणं ऐकू आलं. लेकराचं. मुलगी झाली होती, सावळी, डोकंभर जावळ घेऊन आलेली. दीपाली हसत होती आणि रडतही होती. हंसाबाईंनी नातीला घेतलं, तिचे दोन्ही पाय मुठीत धरून बघितले आणि परत पांघरुणात घातले.

उजवा वाळा घरात होता. दीपाली म्हणाली, आई, घाल नं एक. बापूजी म्हणाले, देवीले काय समजत नाई का, आपली चूक कुठं होती? हंसाबाईंनी ऐकलं नाही. डावा तिच्यापाशी पोचल्याशिवाय उजवा पायात चढणार नाही. लेकरू रांगायला लागलं, जावळ डोळ्यांवर यायला लागलं. बायका विचारायच्या, काहून वं, पोरगी झिपरी काहून ठेवली? हंसाबाई म्हणायच्या, "सामान गाडीत हाये. येऊन राह्यलं."

ते आलं लेकरू सव्वा वर्षाचं झाल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी. यवतमाळच्या बसमधून एक बाई उतरल्या, चष्मा, सुती साडी, खांद्याला पिशवी. टपरीसमोर येऊन उभ्याच राहिल्या. हंसाबाईंनी तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. त्याच नागपूरच्या बाई. वाळा ऋषिकेशहून निघून पाच-सहा अनोळखी हातांतून त्यांच्याकडे पोचला होता, आणि शेवटचा टप्पा टपालाने नको म्हणून त्या स्वतः आल्या होत्या.

पिशवीतून त्यांनी वाळा काढला तेव्हा तो चटकन ओळखू येईना. राजदीपने रीत लिहिली होती ना, म्हणून ज्याच्या ज्याच्या हातातून गेला त्याने आपल्या कपड्याचा दोरा काढून त्याला गुंडाळला होता. निळा, खाकी, कोणाच्या स्वेटरची लोकर, एक जरीचा धागा. वाळ्याची चांदी दिसतच नव्हती.

बाई माफी मागायला लागल्या. हंसाबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं, फळीवरचं होकायंत्र उचलून त्यांच्या हातात दिलं. बाई घेईनात. राहू द्या, आठवण म्हणून, असं म्हणाल्या.

"वाळा आला, आता हे कसं ठेवू? तुमचा खेळ तुम्हीच मोडता काय जी?"

तेव्हा बाई हसल्या. डोळे पुसून डबी पिशवीत टाकली आणि चहा दोनदा घेतला.

गावाने त्याच सुमारास चिंधीमायचा ओटा सिमेंटचा करायला घेतला होता. हंसाबाईंनी वाळ्यावरचे दोरे सोडले, एकेक फांदीला बांधला, कोणाचा कोणता ते माहीत नसताना प्रत्येकासाठी हात जोडले. मग ओल्या सिमेंटमध्ये, दगडाच्या अगदी पायाशी, वाळा अंगठ्याने दाबून बसवला. बापूजी मागून म्हणाले, "झालं. आता देवीच्या मनात आलं तरी निघत नाई." दुसऱ्या दिवशी जावळ काढलं. उजवा वाळा नातीच्या पायात चढला, आणि ती एकाच पायाने छुमछुम करत गावभर फिरली. बरीच वर्षं ती आजोळी आली की आम्ही तिला आवाजावरूनच शोधायचो.

त्यालाही आता पुष्कळ काळ झाला. बापूजी राहिले नाहीत. कापसाचं म्हणाल तर तो अजून तसाच, एक साल हसवतो, एक साल रडवतो. खेळही बदलला. ते जाड यंत्र कोणाकडे दिसत नाही, सगळं मोबाइलमध्येच. राजदीपने पुन्हा डबा ठेवला नाही. त्या जागेच्या पानावर त्याने फक्त एक प्रश्न लिहून ठेवला, देवीच्या पायाशी वाळा आहे, तो कोणत्या पायातला? आणि खाली, उत्तरासाठी फाट्यावर हंसाबाईंच्या हातचा चहा घ्या. पहिल्यांदा येणारे बसायचे, ऐकायचे, वर जाऊन चिंधी बांधून यायचे. आताची पोरं घाईत असतात. दिवसाला किती जागा झाल्या ते मोजतात, फोटो काढतात आणि निघतात. काहींना नमस्कार करायचंही सुचत नाही. मी चिडते. हंसाबाई चिडत नाहीत, म्हणतात, येते तरी.

परवा एक पोरगा मोटरसायकलवरून आला, गाडी बंदही केली नाही. नातीनेच, ती आता आजोळी राहून टपरीवर आजीला मदत करते, त्याला कप दिला. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात उजवा वाळा होता, पायात तो कधीचाच बसेनासा झाला. पोरगा म्हणाला, आजी, डावा ना? नेटवर कोणीतरी उत्तर टाकलंय. मग वर कशाला चढायचं?

हंसाबाईंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"उत्तर तुले ठाऊक हाये नं? मंग नुसतं भेटून ये."

पोरग्याने कप रिकामा केला. मग किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि पायी खिंडीत चढून गेला. परत आला तेव्हा त्याच्या रुमालाची एक कड फाटलेली होती. हंसाबाईंनी दुसरा चहा टाकला, गोड, आणि विचारलं, कुठले तुम्ही, घरी कोण कोण असते.