चूक म्हणायची कुणी?

आमचे हे एका सरकारी कचेरीत शिपाई. सत्याऐंशी साली कारकुनाच्या परीक्षेला बसायची त्यांची शेवटची संधी. नंतर वय उलटणार, मग ‘गुणाजी, पाणी आण’ ऐकतच रिटायर. बाकीचे पेपर सुटायचे, इंग्रजी मेलं दर वेळी आडवं यायचं. आणि घाटकोपरच्या आमच्या खोलीत इंग्रजी येणारी एकच, नवी सून सुलक्षणा. बारावी झालेली, कणकवलीची.

सून सासऱ्याला शिकवणार म्हणून चाळीतल्या बायका खुसूखुसू हसल्या. हसा म्हटलं, तुमच्या बापाचं काय जातं?

पोरगी स्टोव्हपाशी भाकऱ्या थापत सांगायची. घरातला थोरला भाऊ ‘एल्डर’, पण कुणापेक्षा वयानं मोठा म्हणायचं तर ‘ओल्डर’. मोजता येतं ते कमी असलं तर ‘फ्यूअर’, मोजता येत नाही ते ‘लेस’. म्हणजे बांगडे कमी पडले तर फ्यूअर, सार कमी पडलं तर लेस. मला अडाणीला कळलं, ह्यांना नाही! हे वाक्यं करून दाखवायचे, ती मान खाली घालून म्हणायची, ‘बरोबर, मामंजी.’ हे खूश.

एका दुपारी बघते तर बाई मुसमुसतेय.

‘काय गं, माहेरची आठवण आली?’

‘आई, मामंजींचं सगळं चुकतंय. पण सासऱ्यांना चूक कसं म्हणू?’

माझं डोकंच फिरलं. ‘अगं बये, वाट लावतेस काय आमची? तू नुसत्या बांगड्या वाजव. पुढचं मी बघते.’

तेव्हापासून बांगड्या वाजल्या की मी ओरडायचे, ‘चूक!’

हे चक्रावले. ‘तुला कधीपासून इंग्रजी यायला लागलं?’

‘इंग्रजी कशाला यायला हवं? तुमच्याशी संसार केलाय, तुमची चूक लांबून कळते.’

परीक्षा तोंडावर आली. मी नळावर गेले होते. हंडा घेऊन दारात येते तर आत सुलक्षणाचा आवाज चढलेला. ‘चूक, मामंजी! पुन्हा तेच! किती वेळा सांगायचं?’

आमटीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावणारा माणूस हा! आता पोरीचं काही खरं नाही. पण हे हळूच म्हणाले, ‘परत सांग, बाय. ह्या खेपेला नीट ऐकतो.’ मी हंडा खाली ठेवला आणि उंबऱ्यावरच बसले.

निकालाच्या दिवशी हे भरदुपारी घरी. दारातूनच ओरडले, ‘पास!’ हुश्श! किती हलकं वाटलं म्हणून सांगू! पेढ्यांचा पुडा देवापुढे ठेवायला मी हात पुढे केला, तर ह्यांनी तो सुनेच्या हातात दिला.

‘देव थांबेल. आधी मास्तरीण.’

सुलक्षणानं जे भोकाड पसरलं! शेजारची मालन धावत आली. ‘अगो बाई, काय केलंत सुनेला? सगळी चाळ ऐकतेय!’

‘ऐकू दे,’ मी म्हटलं. ‘तिचं घर आहे, रडेल मोठ्यानं.’